पुस्तक काढा, पण छापायच्या आधी कोणाला तरी वाचायला द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रात एकाने लिहिलं की खेड्यापाड्यातून निघणाऱ्या पुस्तकात पानोपानी चुका असतात अन् याला जबाबदार कोण तर तालुक्याच्या ठिकाणचे डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तक टाईप करून पानं लावून देणारे, त्यांना ना ऱ्हस्व कळत ना दीर्घ. ते पत्र मला पाच जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, त्यातल्या दोघांची पुस्तकं मीच टाईप केलेली आहेत, म्हणजे बघा आता. मी मोर्शी तालुक्यात 19 वर्षांपासून डीटीपी अन् झेरॉक्सचं दुकान चालवून राहिलो. लग्नपत्रिका, सातबाराच्या झेरॉक्स, पीक विम्याचे फॉर्म, बारशाचे बॅनर, अन् या सगळ्याच्या मधात पुस्तकं. चाळीसेक पुस्तकं माझ्या हातून गेली असतील, कवितासंग्रह सगळ्यात जास्त, मग आत्मचरित्रं, मग गावाचा इतिहास. तेव्हा त्या वाचक भाऊंना उत्तर द्यायचा थोडाफार हक्क मला आहे असं वाटते. चूक आमची आहेच, माझी स्वतःची एक मोठी चूक पुढे सांगतो, लपवत नाही. पण सगळं खापर आमच्याच डोक्यावर फोडून मोकळं होता येत नाही.

माझ्याकडे येणारे लेखक कोण, तर रिटायर मास्तर, एसटीचे कंडक्टर, ग्रामसेवक, एक आशाताई, एक कीर्तनकार महाराज, अन् यंदा तर चक्क बारावीतला एक पोट्टा. कोणी दोनशे पानी रजिस्टर आणतं, कोणी जुन्या डायऱ्या, एकाने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कविता लिहिल्या होत्या, बारा महिन्याच्या बारा. आता नवीन म्हणजे फोनवर बोलून टाईप केलेलं. ते सोयीचं आहे, पण त्यात ना पूर्णविराम ना परिच्छेद, अन् आपली वऱ्हाडी त्या फोनला समजत नाही, 'तुह्यं' म्हटलं की 'तू ह्या' लिहून मोकळा होतो. एका बाईंनी तीन महिने रोज रात्री भांडे घासून झाल्यावर असं बोलून बोलून पाऊणशे पानं केली, सासरची गोठ एवढी जिवंत की मी शटर अर्धं खाली ओढून वाचत बसलो, पण सगळं मिळून एकच वाक्य, पाऊणशे पानांचं. ते तोडायला आम्हाला दोघांना आठ दिवस लागले, अन् तोडता तोडता त्यांच्याच लक्षात आलं की एकच भांडण तीन ठिकाणी आलंय, दोन काढून टाकले.

पण असं बसणारे कमी. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो पानाचा रेट काय, अन् दुसरा, कार्यक्रम 26 जानेवारीला ठेवलाय तोवर होईल ना. 'जरा वाचून सांग बाप्पा कसं झालं' असं म्हणणारे 19 वर्षांत चार आले असतील, पाचवा मला आठवत नाही.

अन् गडबड इथंच आहे साहेब. रजिस्टरमधून माझ्या कीबोर्डवर अन् कीबोर्डवरून प्रेसमध्ये, मधात कोणीच वाचत नाही. मी वाचतो म्हणावं तर टाईप करताना माणूस अक्षरं पाहतो, वाक्य पाहत नाही, चाळीस पानं टाईप केल्यावर मला कोणी विचारलं की गोष्टीत काय झालं तर मला सांगता येत नाही. लेखक म्हणतो डीटीपीवाला पाहून घेईल, मी समजतो लेखक मास्तर आहे त्याने पाहिलंच असेल, प्रेसवाला म्हणतो मला पीडीएफ आली ती मी छापली.

लोकांना वाटते टायपिंग, शुद्धलेखन अन् संपादन हे एकच काम आहे. तसं नाही. टायपिंग माझं काम. मुद्रितशोधन म्हणजे प्रूफ वाचणं, काना-मात्रा, वेलांटी, सुटलेला शब्द, दोनदा पडलेली ओळ, त्याचे नियम ठरलेले आहेत, साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 अन् 1972 ला जोडलेले 4 असे एकूण 18, एका बैठकीत वाचून होतात, ज्याला पुस्तक काढायचं त्याने एकदा तरी वाचावे. पण संपादन हे त्याच्याही आधीचं. काय ठेवायचं, काय काढायचं, सुरुवात कुठून करायची, एकच गोष्ट दोनदा आली का, पान 12 वर मेलेला म्हातारा पान 60 वर चहा पिऊन राहिला का. (हे खरंच झालं होतं एका कादंबरीत, मी टाईप करूनही मला दिसलं नाही, छापून आल्यावर लेखकाच्या सुनेला दिसलं.) शुद्धलेखन एकदम चोख अन् पुस्तक वाचवत नाही अशीही पुस्तकं माझ्याकडून गेली आहेत. त्या वाचक भाऊंना ती चालली असती बहुतेक.

आता एक चांगली गोठ सांगतो. चारेक वर्षं झाली, बाजूच्या खेड्यातले एक काका तीन रजिस्टर घेऊन आले, सत्तरीच्या पुढचे, संत्रा बागायतदार, शिक्षण सातवी. त्यांना आपल्या विहिरीबद्दल लिहायचं होतं. 1972 च्या दुष्काळात वडिलांनी खोदलेली विहीर, मग इंजिन, मग मोटर, मग बोअर, मग सगळ्यांनीच बोअर मारले अन् पाणी आठशे फुटावर गेलं, अन् एका उन्हाळ्यात उभी बाग वाळली तेव्हा स्वतःच्या हाताने झाडाला कुऱ्हाड लावली. मोर्शी-वरूड पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, डार्क झोन आहे आपला, जमिनीतलं पाणी उपसून उपसून आटत चाललेला. पण रजिस्टर उघडलं तर पहिले चाळीस पानं वंशावळ, पणजोबाचे पणजोबा कुठून आले, मग गावातल्या सगळ्या मान्यवरांचे आभार, मग सुविचार. विहीर पान 41 ला लागली.

मी भीत भीत म्हटलं, काका हे पहिलं सगळं मागे टाकलं तर. ते नाराज झाले, दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी आले अन् म्हणतात, "हे पाय, बागीतली सल काढतो तवा हिरव्या फांदीले हात लागला तं जीव तुटते, पण वाळलेलीच काढतो का नाई? मग मले सांग यातली वाळलेली कोणती." संत्र्याची सल काढणं म्हणजे काय हे ज्याने केलं त्यालाच कळते, फळांची तोड झाली की झाडाच्या वाळलेल्या काड्या फांद्या काढायच्या, नाहीतर पुढच्या बहाराला झाड धरत नाही. त्या दिवसापासून आमची दोघांची भाषा जमली. वंशावळीचं एक पान ठेवलं, तेही शेवटी. सुविचार गेले. आभार एका परिच्छेदात आणले.

मग त्यांनीच म्हटलं की आता ताण देऊ. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरमध्ये आपण बागेचं पाणी तोडतो, झाड पिवळं पडते, पाहणाऱ्याला वाटते वाळलं, अन् मग पाणी सोडलं की फुलते. काकांनी रजिस्टर पेटीत टाकलं अन् दोन महिने हात लावला नाही. दोन महिन्याने काढून वाचलं तर स्वतःच लाल पेन घेऊन बसले, मला काही बोलायचं कामच उरलं नाही, म्हणतात "हे मीनं लिहलं होतं का बे, निरा भाषण हाय." लिहिल्या लिहिल्या आपलंच आपल्याला सगळं गोड लागते, म्हणून लिहून झालं की ठेवून द्या. यात पैसा लागत नाही, फक्त 26 जानेवारीचा कार्यक्रम 1 मेवर ढकलावा लागते.

शेवटचं काम काकूंनी केलं. काकूंना वाचता येत नाही. काका रोज रात्री जेवण झालं की ओसरीत मोठ्याने वाचून दाखवायचे अन् काकू वाती वळता वळता ऐकायच्या. "त्या दिवशी मंगळवार नव्हता, बाजाराचा दिस होता, मी भाजी घेऊन येत होती." "इंजिन तुमच्या बापानं नाही घेतलं, माह्या पाटल्या मोडल्या तवा आलं." ते पाटल्यांचं काकांच्या रजिस्टरमध्ये कुठंच नव्हतं! पुस्तकात ते आलं अन् तोच भाग लोक आता मला दुकानात येऊन सांगतात. जिथे वाचता वाचता काकांची जीभ अडखळली तिथे वाक्य लांब होतं, जिथे काकू डुलक्या देत होत्या तिथे मजकूर पाल्हाळ होता, एवढं साधं माप. पुण्यामुंबईचा कोणताही मोठा एडिटर याच्यापेक्षा वेगळं काय करत असेल, थोडं जास्त करत असेल, पण सुरुवात हीच.

अन् हे काही आपल्याकडे नवीन नाही. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालं म्हणून सगळ्यांना माहीत झालं, पण महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या लीळा लिहिल्या त्या काही घरात बसून आठवतील तशा लिहिल्या नाही. ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडे गावोगाव फिरून विचारलं, पंथाचे तेव्हाचे आचार्य नागदेवाचार्य, त्यांच्याकडून तपासून घेतलं. सातशे वर्षांपूर्वी पायी फिरून माणूस तपासून घेत होता अन् आम्ही हातात फोन असून बायकोलाही वाचून दाखवत नाही.

आता वाईट गोठ. एक रिटायर कंडक्टर, माझे चांगले मित्र, त्यांच्या बारा कथा. त्यांच्या कथेतली माणसं वऱ्हाडी बोलतात, निवेदन साधं प्रमाण मराठी. टाईप मीच केलं. मग त्यांना मोबाईलवर जाहिरात दिसली, 'तुमचे पुस्तक 30 दिवसात', 38 हजाराचं पॅकेज, त्यात 200 प्रती, आयएसबीएन (पुस्तकाच्या ओळखीचा नंबर), कव्हर, प्रूफरीडिंग, वरून एक पुरस्कारसुद्धा. कोण ते मी लिहीत नाही, असे बम आहेत. तिकडच्या कोणत्या तरी ऑपरेटरला वाटलं की 'मले' हे 'मला'चं चुकलेलं आहे, त्याने अख्ख्या फाईलमध्ये फाईंड-रिप्लेस मारलं. आता 'मले' हे अक्षर काय फक्त 'मले'तच असते का. 'लोक जमले' चं झालं 'लोक जमला', 'मजूर दमले होते' चं 'मजूर दमला होते', अन् एका कथेचा हिरो कमलेश, तो शेवटपर्यंत कमलाश. दोनशे प्रती अशाच छापून आल्या. शेवटचं प्रूफ त्यांना पाठवलं होतं म्हणे, मोबाईलवर पीडीएफ, अन् आमच्या मित्राने 'ओके' टाकलं, न वाचता, नातीच्या साक्षगंधात (साखरपुड्यात) होते ते. भांडायला गेले तर तो म्हणते तुमचा ओके माझ्याकडे आहे. खरंच आहे, मग काय करता.

म्हणून बोलीबद्दल आधीच ठरवून घ्या अन् कागदावर लिहून द्या. ज्याला वऱ्हाडी ठेवायची त्याने एक पान करावं, की माझ्या पुस्तकात 'मले, तुले, काहून, पाय, हाव' हे शब्द असेच राहतील, हात लावू नये, अन् ते पान हस्तलिखितावर पिनने लावावं. अन् स्वतःपण एकसारखं लिहावं, एका पानावर 'तुह्यं' अन् दुसऱ्यावर 'तुयं' असं नको, मग दुरुस्त करणारा गोंधळते. झाडीपट्टीतली बोली वेगळी, बुलढाण्याकडची वेगळी, आपण ज्या गावचं लिहितो त्या गावचा माणूस कसा बोलते ते त्याच गावच्या माणसाला वाचून दाखवा. मला विचाराल तर निवेदनात किती बोली घालायची हा जरा नाजूक मामला आहे, सगळंच बोलीत लिहिलं तर बाहेरचा वाचक दमते, अन् सगळंच प्रमाणात लिहिलं तर आपलाच माणूस पुस्तकात परका दिसते. ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ठरवावं, असंच होऊ देऊ नये.

आता माझी चूक. एका सरांच्या कवितासंग्रहाची अर्पणपत्रिका मी आधीच्या पुस्तकाच्या फाईलमधून कॉपी करून फक्त नाव बदललं. आधीच्या पुस्तकात होतं 'कै. बाबांच्या चरणी'. यांनी अर्पण केलं होतं मामांना, अन् मामा धडधाकट, रोज सायकलवर वावरात जाणारे. 'कै.' तसाच राहिला. 300 प्रती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गठ्ठे फोडले तेव्हा दिसलं. सर रडकुंडीला आले, मला तर तोंड लपवायला जागा नाही. शेवटी मी माझ्या खर्चाने स्टिकर काढले, रात्री बारापर्यंत माझ्या दुकानात बसून एकेक चिकटवला, अन् चिकटवायला कोण होतं, तर ते मामाच. म्हणतात "पोट्टेहो, मेल्यावर काढा ते, तवा डबल खर्च नाई लागनार." त्या दिवसापासून मी अर्पणपत्रिका, कव्हर, आतलं शीर्षक पान, अन् पुस्तकाच्या कण्यावरचं नाव हे चार मोठ्याने वाचून लेखकाची सही घेतल्याशिवाय सोडत नाही. आतल्या पानाचे तीन तीन प्रूफ वाचणारे लोक कव्हर वाचत नाही, एवढं मोठं अक्षर चुकेल कसं असं वाटते, अन् चुकते तेच.

प्रूफ मोबाईलवर वाचू नका. कागदावर प्रिंट काढा, शे-दीडशे पानाला काही फार खर्च नाही. पहिलं प्रूफ लेखकाने वाचावं, दुसरं ज्याने ते पुस्तक अजून पाहिलं नाही अशा माणसाने, तिसरं पुन्हा लेखकाने, पण तिसऱ्यात फक्त आधीच्या दुरुस्त्या झाल्या का तेवढं पाहावं, तेव्हा नवीन कविता घुसवू नये!! आमच्याकडे तिसऱ्या प्रूफाला प्रत्येक कवीला चार नवीन कविता सुचतात. अन् फाईल देताना फोनवर केलेला युनिकोड (फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षराचा) मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आणला की 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा र, रफार, कुठे क्ष-ज्ञ फुटतात, ते शोधूनच काढावे लागतात, त्यापेक्षा डीटीपीवाल्याला आधीच विचारा की तो युनिकोडमध्ये काम करतो का, बरेच त्रास वाचतात.

पैशाचं बोलतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. ज्या सरांना मी म्हटलं की अमरावतीला एक चांगल्या मॅडम आहेत, चार-पाच हजारात पूर्ण पुस्तक वाचून दुरुस्त करून देतील, ते म्हणाले एवढे कशाला, मी स्वतः मराठीचा शिक्षक आहे. बरं. त्याच सरांनी प्रकाशनाला मंगल कार्यालय केलं, शंभर शाली, नारळ, दीडशे माणसाचं जेवण, फ्लेक्स तर माझ्याकडूनच नेले सतरा, माझा फायदाच झाला, मी काहून तक्रार करू. पुस्तकात सहा शुभेच्छा संदेश, त्यातले दोन आमदारकीला उभे राहणाऱ्यांचे, फोटोसकट. पन्नास कवितेच्या पुस्तकात वीस पानं दुसऱ्यांचेच. अन् कविता तीन ठिकाणी मधातच तुटलेल्या, कडवं या पानावर अन् शेवटची ओळ पान उलटल्यावर. कार्यक्रम करा, हौस आहे, आयुष्यात एकदा पुस्तक निघते, मी नाही म्हणत नाही. पण शालीच्या हिशोबातून पाच हजार काढून ठेवा.

पॅकेजवाल्यांकडे जायच्या आधी चार गोष्टी माहीत असाव्या. आयएसबीएन हा 13 आकड्यांचा नंबर आपल्या देशात फुकट मिळते, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय नावाची एजन्सी आहे, तिच्या पोर्टलवर लेखक स्वतःसुद्धा अर्ज करू शकतो, तेव्हा त्याचे दोन-तीन हजार कोणी लावत असेल तर विचारा कशाचे. अन् नंबर मिळाला म्हणजे पुस्तक चांगलं झालं असं नाही, तो नुसता नंबर आहे. कॉपीराइट लिहिल्याबरोबर लेखकाचाच असतो, नोंदणी केली नाही तरी, अन् लेखक गेल्यावर 60 वर्षं वारसांकडे राहते. तो दुसऱ्याला द्यायचा तर कायद्याने लेखी लागते, कॉपीराइट कायद्याचं कलम 19, अन् करारात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात. पण लिहिली असेल 'कायमचे हक्क' अन् तुम्ही सही ठोकली तर मग लिहिलेलं चालते, म्हणून पैसेही आपले अन् हक्कही त्यांचे असा कागद असेल तर उठून या. पुस्तकातलं ते बारीक अक्षराचं पान उघडून पाहा, 'सर्व हक्क' कोणाचे लिहिले. प्रत मागवायची झाली तर लेखकाला किती किमतीत, उरलेल्या प्रती कोणाच्या, छपाईची फाईल परत देणार का, हे आधीच विचारा, नंतर फोन उचलत नाही कोणी.

पहिलं पुस्तक असेल तर एक वेगळा रस्ताही आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना, ज्याचं अजून एकही पुस्तक निघालं नाही त्याच्यासाठी, मंडळाची जाहिरात निघाली की हस्तलिखित पाठवायचं. वेळ लागते, नाकारलंही जाते, पण तिथे निदान कोणीतरी जाणकार वाचते. आमच्या तालुक्यात मी ज्याला ज्याला सांगितलं त्याला हे माहीतच नव्हतं.

प्रती कमी काढा. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च शंभरालाही तेवढाच अन् पाचशेलाही तेवढाच, म्हणून प्रेसवाला म्हणतो पाचशे काढा, प्रत स्वस्त पडते. पडते स्वस्त, पण चारशे प्रती दिवाणाखाली राहतात अन् उंदीर खातात. आता डिजिटलवर पन्नास-शंभरही निघतात, आधी तेवढ्या काढा, खपल्या की पुन्हा काढा, अन् मधात सापडलेल्या चुका दुरुस्त होतात ते वेगळं. फॉर्म, म्हणजे छपाईच्या एका कागदाची घडी, 16 पानांचा असते हे लक्षात ठेवा, 128 पानं म्हणजे 8 फॉर्म, 144 म्हणजे 9, तुमची 131 झाली तर तीन पानं कापा, नाहीतर तेरा कोऱ्या पानांचे पैसे भरा. कापायला तीन पानं प्रत्येक पुस्तकात सापडतात, माझ्यावर विश्वास ठेवा.

स्वतः प्रकाशक झालात तर 1954 च्या कायद्याने पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला अन् एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयाला आपल्या खर्चाने पाठवायची असते, आमच्याकडे कोणी पाठवत नाही, मीही दहा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. पाठवा बाप्पा, घरच्या प्रती संपतील पण तिथली राहील. टपालाचं म्हणाल तर जुनं रजिस्टर बुक पोस्ट 2024 च्या डिसेंबरमध्ये बंद झालं होतं, मग 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट आलं, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये अधिक टॅक्स, पोस्टात त्याच नावाने मागा, नाहीतर काउंटरवरचा माणूस स्पीड पोस्टच लावते.

आता तुम्हाला विनंती साहेब. तुमच्या पुरवणीत 'साभार पोच' येते, पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, किंमत. आमचा माणूस ती चार ओळींची कात्रण लॅमिनेट करून ठेवतो, इतकी त्याला किंमत. पण त्याच्या आधीची पायरी कोणीच पाहत नाही. महिन्यातून एका रविवारी पाव पान द्या, कोण्या नवीन लिहिणाऱ्याचं एक पान जसं आलं तसं छापा अन् बाजूला तुमच्या डेस्कवरच्या माणसाने दुरुस्त केलेलं छापा, काय काढलं, काहून काढलं, दोन ओळीत. नाव छापू नका हवं तर. आमच्याकडे हे कोणी कोणाला दाखवलंच नाही, शाळेत निबंधावर लाल गोल पडायचे तेवढंच माहीत, त्या गोलाचा अजून राग आहे लोकांच्या मनात.

अन् दुसरं, विदर्भ साहित्य संघ 1923 ला आपल्या अमरावतीतच सुरू झाला, आज ठिकठिकाणी शाखा आहेत, गावोगाव 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालचे अ ब क ड वर्गाचे ग्रंथालयं आहेत, तिथे जयंत्या होतात, कविसंमेलनं होतात. महिन्यातून एक संध्याकाळ न छापलेल्या पुस्तकासाठी ठेवा म्हणावं, लेखकाने वीस पानं वाचावी, पाच जणांनी ऐकावी, कुठे कंटाळा आला तेवढंच सांगावं, वा वा करायचं नाही. मी आमच्या ग्रंथालयात तसं म्हणून पाहिलं, अध्यक्ष म्हणतात मग हार कोणाला घालायचा. तुमच्या पेपरात आलं तर ऐकतील.

पुढच्या सोमवारपासून माझ्याकडे त्या आशाताईंचं रजिस्टर चालू होऊन राहिलं. त्यांना मी आधीच सांगितलं की टायपिंगला हात लावायच्या आधी सासूबाईंना वाचून दाखवा. त्या म्हणतात सासूबाईंचंच लिहिलंय त्याच्यात. तर बघू काय होते.

आपला वाचक,
एक डीटीपीवाला
ता. मोर्शी, जि. अमरावती

ता. क. : पत्र लांब झालं हे मला कळते. बायकोला वाचून दाखवलं, तिने लग्नपत्रिकांवरचा अख्खा परिच्छेद काढायला लावला, तुम्ही अजून काढलं तरी चालेल. फक्त काकांच्या बोलण्यातलं 'मले' आहे त्याचं 'मला' करू नका.